भाईंदरची खाडी व डांटेचा नरकलोक

मुंबईहून विरारकडे जाणारी गाडी दहिसर मागें टाकून मीरा रोड व भाईंदर हीं स्टेशनें घेते आणि मग एकाएकीं घरें संपतात. रुळांचा आवाज पोकळ होतो, खालीं खाडीचें रुंद पाणी दिसूं लागतें, आणि रोजचे सराईत उतारूही क्षणभर मान वर करून बाहेर पाहतात. उल्हास नदी समुद्रास मिळतांना जी खाडी झाली आहे तीच ही. तिच्या दक्षिणतीरीं भाईंदर, उत्तरतीरीं वसई. मध्यें नायगांव हें एकच स्टेशन. माझ्या वडिलांचें बिऱ्हाड भाईंदरास व त्यांच्या थोरल्या बंधूंचें, म्हणजे आमच्या अण्णांचें, वसईस. इतक्या जवळ राहूनही अकरा वर्षें या घरांतून त्या घरीं कोणी गेलें नाहीं कीं तिकडून कोणी आलें नाहीं. कारण विचाराल तर सांगण्यासारखें नाहीं. कोंकणांतील एक पडवी, एक विहीर व सात कलमें, एवढाच तो प्रश्न होता. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं अशी एखादी विहीर असेलच.

गेल्या मार्गशीर्षांत वडील वारले. त्यांना आम्ही मुलेंही भाऊच म्हणत असूं. दहाव्या दिवशीं अण्णा घाटावर आले, कावळा पिंडास शिवेपर्यंत एका बाजूस उभे राहिले आणि कोणाशीं एक शब्दही न बोलतां निघून गेले. घरीं प्रघाताप्रमाणें गरुडपुराण चालू होतें. यममार्ग, वैतरणी, कुंभीपाक, असिपत्रवन ह्यांचीं वर्णनें पुराणिक सावकाश वाचीत होते व आई भिंतीस टेकून ऐकत होती. तें संपल्यावर भाऊंचें कपाट आवरतांना एक जुनें इंग्रजी पुस्तक हातीं लागलें. तें डांटे ह्या इटालियन कवीच्या महाकाव्याचें केरीकृत भाषांतर होतें. पहिल्या पानावर अण्णांची सही होती; शेवटच्या पानावर भाऊंच्या अक्षरांत पेन्सिलीनें लिहिलें होतें, 'अण्णाचें पुस्तक. परत करणें.' मध्यें कोठें खूण किंवा रेघ असेल म्हणून मीं सारीं पानें चाळलीं. कोठेंही कांहीं नव्हतें.

तें पुस्तक परत करावयाचें मनांत येऊन तीन महिने गेले. ह्या अवधींत मीं तें वाचून काढलें. गरुडपुराण नुकतेंच कानांवरून गेलें असल्यामुळें दोन नरक माझ्या मनांत शेजारी शेजारी राहूं लागले, आणि आजचा हा लेख त्या शेजाराविषयीं आहे.

डांटे इ. स. १२६५ मध्यें फ्लॉरेन्स येथें जन्मला. नगराच्या राजकारणांत तो पडला, प्रतिपक्षाचा जय झाला, आणि १३०२ मध्यें त्यास हद्दपार व्हावें लागलें. पुढें एकोणीस वर्षें परक्यांच्या आश्रयानें राहून १३२१ मध्यें तो राव्हेना येथें वारला. फ्लॉरेन्सचें दर्शन त्यास पुन्हां घडलें नाहीं. ह्या वनवासांत त्यानें शंभर सर्गांचें काव्य रचलें. त्यांपैकीं चौतीस सर्ग नरकाचे, तेहतीस शुद्धिलोकाचे व तेहतीस स्वर्गाचे. तिन्ही भागांचा शेवटचा शब्द एकच, 'तारे'. काव्यांतील प्रवास मात्र त्यानें मागें नेऊन १३०० सालच्या गुड फ्रायडेच्या सुमारास ठेवला आहे. त्या वेळीं कवि पस्तीस वर्षांचा, म्हणजे सत्तरीच्या आयुष्यमर्यादेच्या मध्यावर. तो एका अंधाऱ्या अरण्यांत वाट चुकतो. चित्ता, सिंह व लांडगी हीं तीन श्वापदें त्याचा मार्ग अडवितात. टीकाकारांनीं ह्या श्वापदांचे अर्थ परोपरीनें लाविले आहेत. काम, गर्व व लोभ असा त्यांचा एक अर्थ चालत आला आहे, आणि तो आपल्या षड्रिपूंच्या इतका जवळ आहे कीं आपणांस तेथें टीकाकाराची गरज वाटत नाहीं. मग व्हर्जिल हा प्राचीन लॅटिन कवि वाटाड्या म्हणून येतो. तो मानवी विवेकाचें प्रतीक. विवेक नरकाच्या तळापर्यंत व तेथून शुद्धीच्या डोंगरमाथ्यापर्यंत नेतो. त्यापुढें त्याचें चालत नाहीं, तेथें बिआट्रिस लागते.

ह्या ग्रंथाशीं मुंबईचाही थोडासा ऋणानुबंध आहे. एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांत त्याची चौदाव्या शतकांतील म्हणून प्रसिद्ध असलेली एक हस्तलिखित प्रत आहे. ती माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननें दिली. पेशवाई बुडविणारा तोच हा एल्फिन्स्टन. १८१७ मध्यें खडकीच्या लढाईच्या दिवशीं पुण्याच्या संगमावरील त्याचा बंगला ग्रंथसंग्रहासह जळाला, आणि पुढें मुंबईचा गव्हर्नर झालेल्या त्याच माणसाच्या हातून नरकाचें हें वर्णन आमच्या नगरीस मिळालें. मुसोलिनीनें त्या प्रतीसाठीं दहा लक्ष पौंड देऊं केले व सोसायटीनें ते नाकारले, असें सांगतात. ही गोष्ट अण्णांनीं मला लहानपणीं टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर बसवून सांगितली होती. मला तेव्हां डांटेपेक्षां दहा लक्षांचेंच अधिक कौतुक वाटलें.

पुस्तक परत करण्यास मीं गुड फ्रायडेचाच दिवस निवडला, तो केवळ सुटी होती म्हणून. आदल्या दिवशीं हनुमान जयंती झाली होती. गुड फ्रायडे नेहमीं पौर्णिमेच्या आसपासच येतो; डांटेच्या अरण्यावरही त्या रात्रीं पूर्ण चंद्र होता असें काव्यांत आहे. गाडीनें न जातां मी बोटीनें निघालों. १९२४ चे नव्हे, २०२४ च्या फेब्रुवारींत भाईंदर ते वसई अशी मोटारी नेणारी 'रो-रो' बोट सुरू झाली. (जुन्या काळच्या पडावांच्या आठवणी काढणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांस ह्या शतकाचा घोटाळा नेहमीं होतो, म्हणून स्पष्ट लिहिलें.) रस्त्यानें हें अंतर सुमारें ३८ किलोमीटर पडतें, पाण्यावरून चारही नाहीं.

धक्क्याकडे जातांना उरलेलीं मिठागरें लागतात. भर चैत्रांत त्यांचे चौकोन उन्हानें असे पांढरे पडतात कीं डोळे उघडे ठेववत नाहींत. पश्चिमेस उत्तन, डोंगरी, चौक हीं ख्रिस्ती कोळ्यांचीं व शेतकऱ्यांचीं गांवें आहेत; त्यांच्या देवळांतून त्या दिवशीं घंटा वाजत नाहींत, लांकडी खटखट वाजवितात. त्याच बाजूच्या डोंगरावर आमच्या आठ लक्षांहून अधिक वस्तीच्या शहराचा कचरा जातो, आणि उन्हाळ्यांत तेथें आग लागली म्हणजे गांवकऱ्यांच्या घरांत धूर शिरतो. बायबलांत नरकास जें 'गेहेन्ना' नांव आहे तें जेरुसलेमबाहेरच्या एका खऱ्या दरीचें. तेथें शहराचा केर अहर्निश जळत असे, असें मध्ययुगांतील एक भाष्यकार सांगतो. तें खरें असो वा नसो, स्वच्छ राहूं इच्छिणाऱ्या वस्तीस आपला नरक वेशीबाहेर कोठें तरी ठेवावाच लागतो, आणि तेथेंही कोणी तरी राहत असतें.

बोटीस थोडा उशीर होता. धक्क्यावर बसून मीं तिसरा सर्ग पुन्हां वाचला. ह्या सर्गांत नरकाच्या दारांतून आंत गेल्यावर, पण नदी ओलांडण्यापूर्वीं, एक जमाव भेटतो. ह्या लोकांनीं आयुष्यांत पापही केलें नाहीं व पुण्यही केलें नाहीं. कोणताच पक्ष धरला नाहीं. स्वर्गास ते नकोत आणि नरकही त्यांना घेत नाहीं. एका धांवत्या निशाणामागें ते अखंड धांवत असतात व गांधीलमाशा त्यांना डसत असतात. व्हर्जिल त्यांच्याविषयीं बोलण्याचेंही टाळतो. पहिल्या वाचनांत मला हा प्रकार अन्यायाचा वाटला होता. खुनी नाहींत, चोर नाहींत, मग हे येथें कां? परंतु आमच्या घरांतील तंट्यांत मीं अकरा वर्षें हेंच केलें होतें. भाऊंकडे भाऊंचें ऐकावें, अण्णांचा विषय निघाल्यास उठून जावें, आणि आपण कसे दोघांसही सारखे म्हणून मनांत समाधान मानावें. एकत्र कुटुंबांत अशा पुतण्यास समंजस म्हणतात.

मग नदी. डांटेच्या आकेरॉन नदीवर केरॉन नांवाचा म्हातारा नावाडी आहे. तो मागें राहणाऱ्यास वल्ह्यानें झोडपतो. डांटे जिवंत आहे हें पाहून त्यास घेण्याचें नाकारतो. आपली वैतरणी ह्याहून बीभत्स आहे, रक्ताची व पुवाची. पण तिच्यांतून तरण्याचा उपायही घरगुती आहे. गाय दान द्यावी व तिचें शेंपूट धरून पार व्हावें. एकीकडे दंडधारी नावाडी, दुसरीकडे गोठ्यांतली गाय. दोन समाजांचे स्वभाव ह्या दोन वाहनांतून दिसतात असें मला वाटतें. गंमत अशी कीं त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून विरारच्या उत्तरेस समुद्रास मिळणारी आमची खरी वैतरणा ही मुंबईची पाणपोई आहे. तिच्यावर मोडकसागर, अप्पर वैतरणा व मध्य वैतरणा अशीं तीन धरणें असून लक्षावधि मुंबईकर तिचेंच पाणी पितात. डांटेनेंही आपल्या नदीचा उल्लेख केला आहे. त्याच्या भूगोलांत जगाची पूर्व सीमा म्हणजे गंगा.

केरॉनच्या नदीकांठचें एक मर्म मात्र गरुडपुराणांत मला आढळलें नाहीं. तेथें यमदूत जीवास पाश घालून ओढीत नेतात. डांटेचे जीव स्वतःच पार होण्याची घाई करतात. भयाचें रूपांतर इच्छेंत झालेलें असतें. ज्यानें जें निवडलें त्याकडे तो आपल्या पायांनीं जातो, हें ह्या काव्याचें खरें सूत्र. पुढच्या साऱ्या शिक्षा ह्याच एका सूत्रानें बांधलेल्या आहेत. कामवासनेच्या झंझावातांत वाहवलेले पाउलो व फ्रान्चेस्का तेथें खरोखरच्या वावटळींत भिरभिरतात. भविष्य पाहूं गेलेल्या ज्योतिष्यांचीं तोंडें पाठीकडे फिरविलेलीं आहेत व ते उलट चालतात. (आमच्या घरच्या जोशीबुवांना हें सांगितलें तेव्हां ते म्हणाले, तो इटलींतला गणिताचा दोष असेल.) धर्मपदें विकणारे पोप खडकांतील भोंकांत डोकें खालीं करून पुरले आहेत. शिक्षा बाहेरून येत नाहीं. पापाचाच चेहरा उघडा पडतो. आपल्या कर्मविपाकाची कल्पना ह्यापासून दूर नाहीं. पण आपला नरक भोगून संपतो, डांटेचा संपत नाहीं. ह्या एका भेदापुढें बाकीचीं साम्यें लहान आहेत, आणि ह्या ठिकाणीं मी निःसंकोच गरुडपुराणाच्या बाजूचा आहें.

हिंदु वाचकास आणखी एका जागीं अडखळावयास होतें. सज्जन पण ख्रिस्ती नव्हेत अशांना डांटेनें पहिल्या वर्तुळांत ठेविलें आहे. तेथें यातना नाहींत, पण आशाही नाहीं. व्हर्जिल स्वतः तेथलाच. आपला कोणी तेथें असेल काय, हा प्रश्न मनांत येतो तोंच स्वर्गखंडाच्या एकोणिसाव्या सर्गांत तो कवीनेंच विचारलेला आढळतो: सिंधुतीरीं जन्मलेला, निर्दोष आचरणाचा, ज्याच्या कानीं ख्रिस्ताचें नांवही गेलें नाहीं अशा मनुष्यास दोषी ठरविणें हा कोणता न्याय? उत्तर मिळतें तें दरडावणीचें. ईश्वरी न्याय तुझ्या दृष्टीच्या टप्प्यांत नाहीं, असें. मात्र लगेच असेंही म्हटलें आहे कीं ख्रिस्ताचा मुखानें घोष करणारे पुष्कळजण त्या दिवशीं अशा मनुष्यापेक्षां दूर उभे असतील. सातशें वर्षांपूर्वींच्या एका कट्टर धार्मिक माणसाच्या मनांत सिंधुतीरचा मनुष्य असा बोंचत राहिला होता, हें वाचून माझा राग पुष्कळ कमी झाला.

बोट वसईस किल्ल्याच्या पायथ्याशींच लागते. १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं पोर्तुगीजांपासून घेतलेला हाच तो किल्ला. आंत पडक्या देवळांच्या कमानी व त्यांवर वाढलेले वड. त्याविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे; मला त्या दिवशीं तेथें थांबण्याचें सुचलें नाहीं.

अण्णा ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. वय एक्याऐंशीं. चौतीस वर्षें त्यांनीं शाळेंत इंग्रजी शिकविलें. मीं नमस्कार केला. ते म्हणाले, "ये. आई बरी आहे?" मग हातांतील पुस्तकाकडे पाहून, "हें भाऊकडे होतें होय? मी आपला इकडे शोधतों आहें." त्यांनीं पुस्तक उघडलें व शेवटचें पान लागेपर्यंत उलटीत गेले. तें पान त्यांनीं बराच वेळ पाहिलें. चष्मा पुसला. मग शिक्षकाच्या आवाजांत मला विचारलें, "वाचलेंस? तळाशीं काय आहे, सांग."

"बर्फ," मीं म्हटलें.

"कां?"

मला उत्तर देतां येईना. तेव्हां ते म्हणाले, "अग्नीनें वस्तु पाझरते. राग, लोभ, वासना ह्यांत अजून ऊब आहे. विश्वास ठेवलेल्या माणसाचा घात करतांना माणूस थंड असावा लागतो. म्हणून अगदीं तळाशीं गोठलेलें सरोवर. सैतानही तेथें राजा नाहीं, कमरेच्या वरपर्यंत बर्फांत रुतलेला कैदी आहे. पंख हलवतो आणि त्या वाऱ्यानेंच बर्फ अधिक घट्ट होतें." थोडें थांबून ते म्हणाले, "बत्तिसाव्या सर्गांतले ते दोघे भाऊ आठवतात?"

मला ते आठवत होते; तीन महिने मी त्यांनाच टाळीत होतों. बिसेन्झिओ नदीच्या खोऱ्यांतील एका सरदाराचे हे दोन पुत्र. वडिलार्जित मिळकतीवरून त्यांचें वैर झालें व दोघांनीं एकमेकांस ठार केलें. डांटेनें त्यांना बर्फांत छातीला छाती भिडवून ठेविलें आहे, इतके जवळ कीं डोक्याचे केस एकमेकांत गुंतले आहेत. कवि त्यांना नांवें विचारतो तेव्हां ते मान वर करतात, डोळ्यांतून आसवें ओघळतात व ओघळतांच गोठतात. आणि संतापानें ते दोन बोकडांसारखे एकमेकांस टकरा देऊं लागतात.

मीं अण्णांना मार्कण्डेयपुराणांतली गोष्ट सांगितली. त्यांतही तम नांवाचा एक थंडीचा नरक आहे; पण तेथें काळोखांत धांवणारे जीव थंडीनें व्याकुळ होऊन एकमेकांस आलिंगन देतात. शिवाय त्याच पुराणांत राजा विपश्चित आहे. एका लहानशा दोषासाठीं त्याला नरक दाखवून परत नेतात. तो निघतो तेव्हां पापी लोक आक्रोश करतात कीं थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्यानें आमचा दाह शमतो. राजा म्हणतो, मग मी येथेंच राहीन. इंद्र व धर्म न्यायला आले तरी तो हलत नाहीं, आणि आपलें पुण्य देऊन त्यांना सोडवितो. उलट डांटेच्या डोळ्यांत पाणी येतें तर व्हर्जिल त्याला रागावतो. आणि तळाशीं गेल्यावर तोच डांटे एका पाप्यास डोळ्यांवरचें बर्फ काढीन असें वचन देऊन तें मोडतो.

"विपश्चित मोठाच," अण्णा म्हणाले. "पण तो पाहुणा होता. डांटेला स्वतःच्या गांवानें घालवून दिलें होतें. त्याला तेथें भेटतात ते ओळखीचेच." मग त्यांना व्हर्जिलची आठवण झाली. त्यांचा तो फार आवडता. "तो शाळामास्तर आहे रे. मुलांना वरच्या वर्गांत पोंचवतो आणि आपण त्याच वर्गांत परत येतो."

चहा आला. काकू आंत गेल्यावर मीं जें सांगावयास आलों होतों तें सांगितलें. भाऊ दवाखान्यांत असतांना एके सकाळीं त्यांनीं मला विचारलें होतें, अण्णाला कळवलेंस का? मीं 'कळवतों' म्हटलें. दोनदां विचारलें, दोनदां तेंच म्हटलें, आणि कळवलें नाहीं. त्यांच्या तंट्यांत आपण कशाला पडा, कळविलें आणि अण्णा आले नाहींत तर भाऊंना अधिक लागेल, असा माझा हिशेब होता. तो हिशेब आतां कोणास दाखवावा?

अण्णा कांहीं बोलले नाहींत. अंगणांत सोनचाफ्याखालीं एक मांजर झोंपलें होतें तिकडे पाहत राहिले. पुष्कळ वेळानें म्हणाले, "मला कळलें होतें. नायगांवच्या एका गृहस्थांकडून कळलें. मी दोन वेळां स्टेशनावर गेलों. दुसऱ्यांदा तिकीटही काढलें. गाडी आली ती सोडली, दुसरी आली तीही सोडली. तूं कळवलें असतेंस तरी मी आलों असतों असें नाहीं."

मग ते उठले, भिंतीवरचें पंचांग काढून डोळ्यांजवळ धरलें व बोटानें तिथि मोजूं लागले. "वद्य षष्ठी ना भाऊची? म्हणजे बुधवारीं मासिक. किती पानें आहेत?"

मीं संख्या सांगितली.

"एक वाढव. तुझ्या आईला सांग, मी येतों आहें म्हणावें. केळीचीं पानें इथून आणतों, तिकडे विकत घेऊं नका." पुस्तक त्यांनीं मजजवळ परत दिलें नाहीं, खुर्चीवर आपल्या जागीं ठेवलें. मी चप्पल घालीत असतांना त्यांनीं मागून हांक मारली.

"सकाळची पहिली बोट किती वाजतां सुटते?"

मला ठाऊक नव्हतें. धक्क्यावर विचारून कळवतों, असें म्हणून मी निघालों.